नाव तेच, मुलूख दुसरा : मुंबईच्या मतदारसंघांच्या सरकत्या सीमा

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. सहावी, म्हणजे दक्षिण मध्य मुंबई, शिवसेनेच्या मोहन रावले यांनी राखली. पाच वर्षांनी त्याच नावाच्या मतदारसंघातून काँग्रेसचे एकनाथ गायकवाड निवडून आले. नुसता निकालांचा तक्ता वाचणारा म्हणेल, गिरणगावाने, म्हणजे परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या वस्तीने, अखेर बाजू बदलली. प्रत्यक्षात तसे काहीच घडले नव्हते. २००४ चा दक्षिण मध्य मतदारसंघ म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, माझगाव, नागपाडा. २००९ चा दक्षिण मध्य म्हणजे माहीम, धारावी, वडाळा, शीव कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्तीनगर. दोन्हींत सामाईक जमीन फार थोडी. रावले त्या वर्षी दक्षिण मुंबईतून उभे होते, कारण परळ-लालबाग आता तिकडे गेले होते. गायकवाड आधी उत्तर मध्य मुंबईचे खासदार होते आणि त्यांचा जुना मुलूखच बराचसा नव्या नावाखाली आला होता. मतदार जागेवर होते, मतदारसंघ त्यांच्या पायांखालून सरकले होते. मुंबईच्या राजकारणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पक्ष, नेते, लाटा, भाषा, जात यांची चर्चा कधी थांबत नाही. पण ही सगळी मांडणी ज्या रेषांच्या आत होते, त्या रेषा कोणी, कधी आणि कोणत्या हिशेबाने आखल्या, याचा आढावा क्वचितच घेतला जातो. तो घेतला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. या रेषा शहराच्या मागून धावतात, आणि मागे राहिल्याची किंमत सगळ्यांना सारखीच मोजावी लागते असे नाही. ती शहराच्या नव्या, वाढत्या आणि बहुधा गरीब कडेला मोजावी लागते.

सुरुवात स्वातंत्र्याआधीपासून करायला हवी, कारण मुंबईत रेषेइतकाच मतदानाचा नियमही निर्णायक ठरला आहे. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई प्रांताच्या विधानसभेवर भायखळा-परळ भागातून निवडून आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना. त्या काळी मुंबई प्रांतात अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने कमी पण संघटित असलेल्या समाजाला या सोयीचा आधार होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत तीन मतदारसंघ आणि चार खासदार होते : मुंबई शहर दक्षिण, मुंबई उपनगर आणि द्विसदस्य असलेला मुंबई शहर उत्तर. या उत्तर मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देण्याची मुभा आता उरली नव्हती. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. घटनेच्या शिल्पकाराचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसच्या विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी समाजवादी अशोक मेहता यांना हरवले. डाव्यांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितले, असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली, पण ती टिकली नाही. काँग्रेसची संघटना, विरोधकांतली फूट आणि दुसऱ्या मताचा हिशेब अशी या पराभवाची अनेक कारणे आहेत. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. लोक तेच, उमेदवार तोच, शहर तेच, पण मतदारसंघाचा आकार आणि मतांचा नियम बदलला तर निकाल बदलू शकतो. मतदारसंघ हे लोकमत ओतायचे कोरे भांडे आहे, हा समज मुंबईत पहिल्याच निवडणुकीत खोटा ठरला.

पुढच्या पंधरा वर्षांत नकाशा दर निवडणुकीला हलत राहिला. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढत वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९५७ मध्ये मध्य मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ झाला आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत तिथून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जी. के. माने निवडून आले. पाच वर्षांपूर्वी मते कुजवल्याच्या आरोपावरून समोरासमोर आलेले दोन प्रवाह एकाच मतदारसंघातून एकत्र लोकसभेत गेले. 'उत्तर' हे नाव मात्र तोवर उपनगरांकडे सरकले होते. १९५२ मध्ये बाबासाहेबांनी लढवलेली उत्तर मुंबई आणि १९५७ व १९६२ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जिंकलेली उत्तर मुंबई, हे दोन वेगळे प्रदेश आहेत. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. १९६७ मध्ये मुंबईच्या जागा पाच झाल्या. त्याच निवडणुकीत काँग्रेसचे स. का. पाटील यांना दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले, आणि उमेदवारी नाकारली गेल्यावर अपक्ष उभे राहिलेले मेनन नव्या उत्तर-पूर्व मतदारसंघात काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. हा काळ घाईने ओलांडला तरी चालेल, कारण या काळात शहर आणि नकाशा यांच्यात फार अंतर पडू दिले गेले नाही. लोक वाढले की जागा हलत होत्या.

अंतर पडायला लागले ते १९७६ पासून. त्या वर्षी १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली फेररचना अमलात आली आणि त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने ती गोठवली. आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून आकडे नीट पाहायला हवेत. १९७१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या ५९.७ लाख होती : कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहरात ३०.७ लाख आणि उपनगरांत २९ लाख. राज्याची लोकसंख्या ५.०४ कोटी आणि विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख माणसे. या हिशेबाने मुंबईला ३४ आमदार मिळाले, शहराला १७ आणि उपनगरांना १७. वाटप न्याय्य होते, पण फक्त १९७१ च्या मुंबईपुरते. २००१ च्या जनगणनेत मूळ शहर ३३.४ लाखांवर जवळपास थांबलेले होते, तर उपनगरे ८६.४ लाखांवर पोचली होती. आमदार मात्र अजून १७ आणि १७. शहरातल्या एका आमदारामागे १.९६ लाख लोक, उपनगरातल्या आमदारामागे ५.०८ लाख. लोकसंख्येने मोजले तर कुलाबा-गिरगावच्या रहिवाशाच्या प्रतिनिधित्वाचे वजन मालाड-भांडुपच्या रहिवाशाच्या अडीच पटींहून जास्त होते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात तर स्थिती आणखी वाईट होती. तिथे १३ आमदार आणि ८१.३ लाख लोक, म्हणजे आमदारामागे सव्वासहा लाख. त्या काळात ठाण्याच्या तीन रहिवाशांचा आवाज मुंबई शहरातल्या एका रहिवाशाएवढा होता. आमदार निधी मात्र प्रत्येकाला सारखाच, अधिवेशनात प्रश्न मांडायची संधीही सारखीच. सार्वजनिक नळ, शौचालये, संरक्षक भिंती, समाजमंदिरे, व्यायामशाळा या निधीतून होतात हे कोणत्याही चाळीत किंवा झोपडपट्टीत लावलेल्या पाटीवर वाचायला मिळते. तेवढाच पैसा अडीचपट माणसांत वाटला गेला, आणि ही विषमता एका निवडणुकीपुरती नव्हती. १९७७ च्या लोकसभेपासून २००४ च्या लोकसभा-विधानसभेपर्यंत ती टिकली, एक अख्खी पिढी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोठवणुकीमागे राष्ट्रीय कारण होते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवले, त्यांच्या लोकसभेतल्या जागा कमी होऊ नयेत आणि ज्यांनी ते राबवले नाही त्यांना बक्षीस मिळू नये, हा हेतू होता. तो हेतू मला मान्य आहे आणि आजही तो निकालात निघालेला नाही. पण हा वाद राज्याराज्यांतला होता. महाराष्ट्राच्या ४८ जागा ४८ च ठेवून महाराष्ट्राच्या आतल्या रेषा हलवायला त्याची कोणतीच आडकाठी नव्हती. ४२ व्या दुरुस्तीने दोन वेगळ्या गोष्टी एका गाठीत बांधल्या : राज्यांना मिळणाऱ्या जागांची संख्या आणि राज्याच्या आतली विभागणी. ही गाठ सोडवता येते हे पुढे संसदेनेच दाखवले. ८४ व्या दुरुस्तीने राज्यांच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेल्या ठेवल्या, पण आतल्या सीमा नव्याने आखण्याची वाट मोकळी केली, आणि ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना आधार धरली. जे २००३ मध्ये शक्य होते, ते १९८१ आणि १९९१ च्या जनगणनांनंतरही शक्य होते. तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश यांच्यातल्या तोलासाठी कांदिवली आणि भांडुपने दोन दशके कमी आवाजात बोलावे, याला कोणतेही तात्त्विक समर्थन नाही. ते निव्वळ आळसाचे ओझे होते, आणि ते उचलले उपनगरांनी.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाचा आदेश २००८ मध्ये लागू झाला आणि बत्तीस वर्षांची थकबाकी एका झटक्यात वसूल झाली. मुंबईचे आमदार ३४ चे ३६ झाले, पण आतला बदल उलथापालथीचा होता. शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या, उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला. गणित चोख आहे. २००१ मध्ये मुंबईच्या लोकसंख्येत शहराचा वाटा २८ टक्के होता आणि ३६ पैकी १० हेही २८ टक्केच. पण त्या गणितात दादर, परळ, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी, नागपाडा, माटुंगा ही मतदारसंघांची नावे एकदम पुसली गेली. मनोहर जोशी ज्या दादरमधून निवडून येऊन मुख्यमंत्री झाले, ते दादर माहीम मतदारसंघात विरघळले. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक ज्या परळमधून शिवसेनेचे पहिले आमदार झाले, ते परळ आता शोधायचे तर निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत. लोकसभेच्या पातळीवर तर बहुतेक नावेच उत्तरेकडे सरकली. जुन्या दक्षिण आणि दक्षिण मध्य या दोन मतदारसंघांतला बहुतेक मुलूख मिळून नवी दक्षिण मुंबई झाली : वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा. दक्षिण मध्य हे नाव दादर-धारावी ओलांडून चेंबूर-तुर्भ्याच्या बाजूला गेले. उत्तर मध्य हे नाव वांद्रे, कालिना, कुर्ला, चांदिवली, विलेपार्ले यांच्या माथी बसले. पूर्वी वसईपर्यंत पसरलेली उत्तर मुंबई दहिसरलाच थांबली. खासदारही रेषांमागून धावले. प्रिया दत्त उत्तर-पश्चिमेतून उत्तर मध्यमध्ये आल्या, गुरुदास कामत उत्तर-पूर्वेतून उत्तर-पश्चिमेत गेले.

या फेररचनेने नेमके काय बदलले हे पाहायला गिरणगावाएवढे चांगले ठिकाण नाही. १९७७ ते २००४ या काळात गिरणगाव हा लोकसभेचा जवळजवळ स्वतंत्र मतदारसंघ होता. चाळी, गिरण्या, युनियनची कार्यालये, गोदी, शिवडी-माझगावच्या वस्त्या, नागपाड्याचे मोहल्ले. गरीब आणि कामकरी वस्तीचे तिथे बहुमत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९८४ च्या अखेरीला लोकसभा निवडणूक झाली तेव्हा संप मोडल्यातच जमा होता आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट देशभर होती. मुंबईतल्या पाच जागा काँग्रेसने घेतल्या. दक्षिण मध्य मुंबईतून मात्र संपाचे नेते दत्ता सामंत निवडून आले. संप हरला होता, पण संप करणाऱ्या वस्तीला आपला माणूस दिल्लीला पाठवता आला. २००४ मध्ये पुन्हा तेच : पाच जागा एका बाजूला, गिरणगाव दुसऱ्या बाजूला. या दोन निवडणुकांत निवडलेले उमेदवार आणि पक्ष एकमेकांपासून फार दूरचे आहेत. माझा मुद्दा पक्षाचा नाहीच. शहराची एक विशिष्ट वस्ती बाकीच्या शहरापेक्षा वेगळा कौल देऊ शकत होती आणि तो कौल लोकसभेच्या बाकावर जाऊन बसत होता, हा मुद्दा आहे. २००९ पासून वरळी-शिवडीच्या चाळी आणि मलबार हिलचे इमले एका मतदारसंघात आहेत. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही निवडणुकांत मुंबईच्या सहाही जागा एकाच बाजूला गेल्या, आधी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला आणि मग दोनदा शिवसेना-भाजप युतीला.

यावर कोणी म्हणेल की हे लाटांचे आणि मतविभागणीचे परिणाम आहेत, रेषांचे नाहीत. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने शिवसेनेची मते खाल्ली. दक्षिण मुंबईत मिलिंद देवरा जिंकले तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर होते आणि मोहन रावले तिसऱ्या. २०१४ ची लाट तर देशभरची होती. हे सगळे खरे आहे. २०२४ मध्ये याच रेषांच्या आत कौल तीन-चार दिशांना फुटला, हेही खरे. रेषा निकाल ठरवते असे मी म्हणतच नाही. कोणत्या वस्तीचे मत बहुमत होऊ शकते आणि कोणत्या वस्तीचे मत कायम दुसऱ्याच्या बेरजेत मिसळून जाते, एवढे रेषा ठरवते. गिरणगाव आणि दक्षिण मुंबई एकत्र आल्याने दक्षिण मुंबईचा स्वभावही बदलला, हे विसरता कामा नये. स. का. पाटील, रतनसिंह राजदा, मुरली देवरा या परंपरेतली, व्यापारी पेठांचा आणि उच्चभ्रू वस्त्यांचा मतदारसंघ मानली गेलेली ही जागा २०१४ पासून सलग तीन वेळा शिवसेनेच्या अरविंद सावंत यांनी जिंकली, शेवटच्या वेळी पक्षफुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्या गटाकडून. नव्या बेरजेत वरळी आणि शिवडी नसत्या तर हे घडले असते असे म्हणायला फारसा आधार नाही. आणि मताधिक्य निसटते असेल तर रेषेचे मोल किती वाढते, हे उत्तर-पश्चिम मुंबईने २०२४ मध्ये दाखवले. तिथे रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. अशा लढतीत एक इमारत रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढ्यावर खासदार बदलतो.

त्याहून अवघड आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. गिरणगावाला इतकी वर्षे स्वतःचा खासदार होता, तर त्याने काय वाचवले? गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी जे वाटप ठरले होते, ते २००१ च्या बदलाने आकसले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. कामगार घरांसाठी अजून सोडतीची वाट पाहतात. हा आक्षेप मी टाळणार नाही. प्रतिनिधित्व मिळाले म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. मानखुर्द-शिवाजीनगरचेच पाहा. मुंबईभरच्या प्रकल्पांनी आणि झोपडपट्टी हटावांनी उठवलेली माणसे देवनारच्या कचराभूमीभोवती आणून वसवली गेली, आणि त्या वस्तीला स्वतःचा विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मिळाला. तिथला कचऱ्याचा डोंगर त्याने हलला नाही. पण म्हणून प्रतिनिधी नकोच असे कोणी म्हणेल का? प्रतिनिधी असूनही प्रश्न सुटला नाही, तर दोष प्रतिनिधीचा, पक्षाचा, सरकारचा. त्याला पुढच्या वेळी जाब विचारता येतो, त्याला पाडता येते. प्रतिनिधीच तिप्पट लोकांत वाटलेला असेल तर जाब विचारायलाही माणूस सापडत नाही. प्रतिनिधित्व पुरेसे नाही, पण त्यावाचून बाकी कशाची सुरुवात होत नाही.

२००८ नंतर मुंबईत आणखी एक हळहळ ऐकू येत राहिली, आणि तिची बाजू सहानुभूतीने समजून घ्यायला हवी. दादर, परळ, नायगाव, चिंचपोकळी हे मराठी वस्तीचे मतदारसंघ गेले, म्हणजे मराठी माणसाचा मुंबईतला आवाज गेला, ही ती हळहळ. नावे गेल्याचे दुःख खरे आहे, कारण या नावांना इतिहास होता. पण आवाज रेषेने नेला नाही. परळ-लालबागची, गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे त्याआधी पंचवीस वर्षे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याकडे जात होती. कारखाना बंद, खोली अपुरी, पुनर्विकासात भाडेकरू हलला, मुलांची लग्ने झाली, अशा रोजच्या कारणांनी ती गेली. ती तिथे गेल्यावर त्यांचे प्रतिनिधित्व जुन्या पत्त्यावरच पडून राहिले आणि नव्या पत्त्यावर सव्वासहा लाखांमागे एक आमदार मिळाला. फेररचनेने ठाण्याला जे अकरा जादा आमदार दिले, त्यांतला मोठा हिस्सा याच स्थलांतरित मराठी वस्तीचा हक्क होता. मराठी माणसाचा विचार करायचा तर तो जिथे आज राहतो, पाणी भरतो आणि लोकलला लोंबकळतो तिथे करायला हवा. वेळेवर झालेली फेररचना त्याच्या विरोधात नसते. लांबलेली असते.

आता एक चिंता, जी मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. माणसे समान वाटली की काम संपले, असे आयोगाचे काम नाही. २००२ च्या परिसीमन कायद्यात भूभागाचा सलगपणा, भौगोलिक वैशिष्ट्ये, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकषही आहेत. आजचा दक्षिण मध्य मतदारसंघ या निकषांवर तपासून पाहावा. शिवाजी पार्कच्या किनाऱ्यावरून निघून तो धारावी पार करतो, वडाळा-अँटॉप हिलवरून चेंबूरला पोचतो आणि तुर्भ्याच्या अणुशक्ती वसाहतीपाशी संपतो. त्यात शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे, पश्चिम, मध्य आणि हार्बर असे तीन रेल्वेमार्ग आणि महापालिकेचे अनेक प्रभाग येतात. धारावीचा पुनर्विकास, वडाळ्याच्या गोदीलगतच्या जमिनी, चेंबूरच्या रासायनिक कारखान्यांचे प्रदूषण हे प्रत्येक स्वतंत्रपणे एका खासदाराचे आयुष्य पुरेल असे प्रश्न, एकाच्याच वाट्याला आले आहेत. सलगपणाचा आग्रह धरला की तो जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या नकाशाचा आग्रह होतो आणि सीमा कोणाच्या तरी सोयीने वाकतात, असे यावर म्हटले जाते. भीती रास्त आहे. उपाय मात्र निकष सोडून देण्यात नाही. प्रत्येक रेषा अशी का, हे आयोगाने लेखी आणि सविस्तर सांगितले तर ही भीती बरीच आटोक्यात येईल. आज गॅझेटमध्ये मतदारसंघाचे वर्णन मिळते. कारणे मिळत नाहीत. आयोगाचे सहयोगी सदस्य असलेल्या आमदार-खासदारांना मताचा अधिकार नाही, हे योग्यच आहे. पण ते काय सुचवतात आणि आयोग काय मानतो, हे नागरिकाला सहज वाचता आले पाहिजे.

पुढची फेररचना आता फार लांब नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी ती बांधलेली आहे, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश जागाही फेररचनेशी जोडल्या आहेत. म्हणजे या वेळी रेषांबरोबर जागांचे स्वरूपही बदलेल. नव्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत २०११ च्या आकड्यांवर हिशेब केला तरी दिशा कळते. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी, म्हणजे २८८ जागांच्या हिशेबाने आमदारामागे ३.९ लाख. मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे ३६ ऐवजी ३२ जागांचा हक्क. मूळ शहर तर ३०.९ लाखांवर घसरले होते, म्हणजे १० ऐवजी ८. त्या वेळच्या अविभाजित ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाख लोक होते, म्हणजे २४ ऐवजी २८. एकूण जागा वाढल्या तर हे आकडे वाढतील, प्रमाण मात्र हेच राहील किंवा आणखी ठाणे-पालघरकडे झुकेल. मुंबईच्या जागा टक्केवारीने कमी होणार म्हणून आताच ओरड सुरू होईल. त्या ओरडीत सामील होण्याआधी हे लक्षात घ्यावे की त्या जागा परक्या मुलखात जात नाहीत. मुंबईत काम करून मुंबईत घर न परवडलेल्या माणसांकडे त्या जात आहेत.

माझे म्हणणे म्हणून स्पष्ट आहे. राज्यांच्या जागांचा राष्ट्रीय वाद जसा सुटायचा तसा सुटो, त्यासाठी राज्याच्या आतली फेररचना पुन्हा कधीही गोठवली जाऊ नये. दर जनगणनेनंतर ती व्हावी, हे राज्यघटनेच्या ८२ आणि १७० या कलमांत मुळातच होते. वारंवारच्या फेररचनेने मतदार आणि प्रतिनिधी यांचे नाते तुटते, असे म्हणणाऱ्यांनी २००८ कडे पाहावे. दर दहा वर्षांनी शहराचे दोन-तीन आमदार कमी झाले असते तर एखादे नाव गेले असते, सीमेवरचे काही भाग हलले असते. बत्तीस वर्षे थांबल्यामुळे सात जागा एकदम गेल्या आणि लोकसभेचे सहाही मतदारसंघ ओळखू येईनासे झाले. नाते तोडले ते विलंबाने.

आणि वाचकांना एक विनंती. आयोगाचा मसुदा गॅझेटमध्ये आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. २००८ चा नकाशा बहुतेक मुंबईकरांना कळला तो थेट मतदान केंद्रावर. या वेळी मसुदा येईल तेव्हा तो उघडून बघा. आपली इमारत, आपली चाळ, आपली वस्ती कोणत्या मतदारसंघात टाकली आहे, कोणाबरोबर टाकली आहे आणि त्या मतदारसंघाची लोकसंख्या राज्याच्या सरासरीच्या किती जवळ आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर पटले नाही तर गृहनिर्माण संस्थेच्या, भाडेकरू संघाच्या, वस्ती समितीच्या नावाने मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला जा. अंतिम आदेश निघाल्यावर न्यायालयात दाद मागण्याची वाट फार अरुंद आहे, आणि तो आदेश निदान एका दशकापुरता तुमचा आमदार आणि तुमचा खासदार ठरवणार आहे.